तण कोणतं, हे कोण ठरवणार?

(शेतकरी आणि शेतमजूर स्त्रियांच्या जिल्हा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कार्यक्रमपत्रिकेत या सत्राचं नाव 'आधुनिक तंत्रज्ञान आणि महिला' असं छापलं आहे. असं नाव वाचलं की मला जरा धास्तीच वाटते. अशा सत्रात एखादं यंत्र आणून ठेवतात, त्याला हार घालतात, एका बाईच्या हातात ते देऊन फोटो काढतात, आणि मग यंत्र आणि फोटो दोन्ही तालुक्याला परत जातात. मी आज यंत्र आणलेलं नाही. मी निंदणाबद्दल बोलणार आहे. त्यातल्या तज्ज्ञ तुम्ही आहात. मी कामाच्या निमित्ताने वावरात बसले, तेव्हा तासाभरात कंबर धरून उठले होते आणि बाजूच्या तासातली साठीची आजी माझ्याकडे बघून हसत होती.

पण यंत्र येणारच आहे, म्हणून ते येण्याच्या आधी बोलू या. फवारणीचा ड्रोन तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी पाहिला असेल. आता त्याला डोळा बसवायचं चाललं आहे. म्हणजे कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे संगणक. तो संगणक पीक कोणतं आणि तण कोणतं हे ओळखणार आणि जिथे तण असेल तिथेच विष सोडणार. याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, वर्तमानपत्रवाले 'एआय' लिहितात. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने शेतीतल्या एआयसाठी वेगळं धोरण मंजूर केलं. त्याचं नाव 'महाॲग्री-एआय', आणि पहिल्या तीन वर्षांसाठी त्यात ५०० कोटी रुपये ठेवले आहेत. तेव्हा ही अमेरिकेतली गोष्ट आहे, आपल्या गावात कशाला येते, असं म्हणून चालणार नाही.

आधी निंदणाचं काम कुणाचं, ते पाहू. आपल्या भागात पेरणी झाली की दोन तासांमधलं तण डवऱ्याने निघतं. डवरा बैल ओढतात आणि तो धरतो पुरुष. झाडाच्या बुडाशी, दोन झाडांच्या मधे जे उरतं तिथे डवरा पोचत नाही. तिथे बाई पोचते. उकिडवी बसून, एका हाताने पिकाचं रोप सांभाळत, दुसऱ्या हाताने विळ्याने तण काढत ती तासामागून तास सरकत जाते. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत हे चालतं. पाऊस अंगावर, चिखल पायाखाली, आणि तान्हं मूल धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत.

ही श्रमविभागणी कुणी ठरवली? अवजाराला बैल जुंपला की ते पुरुषाचं होतं. त्याला इंजिन बसवलं की ते हमखास पुरुषाचं होतं. ज्याला ना बैल ना चाक, ते बाईचं. आणि मग मजुरी ठरताना सांगायचं की डवरणी कसबाचं काम आहे, निंदण काय, कुणीही करतं! १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, तो आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. सारख्या कामाला सारखी मजुरी, असं कायदा सांगतो. त्याला बगल देण्याची युक्ती सोपी आहे. काम सारखं ठेवायचंच नाही. आमच्या कामाच्या गावांत आजही बाईचा रोज पुरुषाच्या रोजापेक्षा शंभर-दोनशे रुपयांनी कमी आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आता या 'कुणीही करतं' म्हणणाऱ्या कामाचं मोल पाहा. जबलपूरला केंद्र सरकारचं तण संशोधन संचालनालय आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १८ राज्यांतल्या शेतांवरच्या चाचण्यांचा हिशेब करून २०१८ साली सांगितलं, की दहा मुख्य पिकांत तणामुळे देशाचं वर्षाला सुमारे ११०० कोटी डॉलरचं नुकसान होतं. सोयाबीनमध्ये उत्पादनातली घट ३१ टक्क्यांच्या घरात आहे. मी तो आकडा उलटा वाचते. तण वेळेवर काढलं तर जे वाचतं, ते आपल्याकडे बहुतांशी बायांच्या हातांनी वाचलेलं आहे. २०२३-२४ च्या सरकारी श्रमशक्ती पाहणीत ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या दर १०० स्त्रियांपैकी जवळजवळ ७७ शेतीत होत्या. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्ही सर्वेक्षणं करायला जायचो. तक्त्यात 'व्यवसाय' असा रकाना असायचा. दारात उभा असलेला नवरा सांगायचा, "ती? घरीच असते." आणि तिच्या पायाला अजून वावरातला चिखल असायचा.

मग हे काम यंत्राने केलं तर वाईट काय? काही वाईट नाही. मी हे मुद्दाम आधीच सांगते, कारण आपल्या चळवळीत कधीकधी कष्टाचं कौतुक करण्याची सवय लागते. चार महिने उकिडवं बसून बाईची कंबर जाते, गुडघे जातात, पाळीच्या दिवसांत आडोसा नसतो. कुणाच्याही मुलीने आयुष्यभर हेच करावं असं मला वाटत नाही, तिच्या आईला तर मुळीच वाटत नाही. प्रश्न वेगळा आहे. ते काम गेलं की त्या जागी तिच्या हातात काय येतं? आणि काम कसं जातं?

ते जायला सुरुवात झाली आहे आणि त्यासाठी एआयची वाट कुणी पाहिली नाही. सोयाबीनवर इमॅझेथापायर मारलं की निंदणाचा एक फेर वाचतो, हे कास्तकाराला कळून बरीच वर्षं झाली. कापसात तसं सोपं नव्हतं, कारण ग्लायफोसेट मारलं तर पऱ्हाटीही मरते. म्हणून तणनाशकाला दाद न देणारं बियाणं आलं. सरकारची मान्यता नसलेलं, गावात 'चोर बीटी' म्हणून विकलं जाणारं. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते जाहीरपणे लावलं. त्यांचं म्हणणं होतं की मजूर मिळत नाहीत आणि निंदणाचा खर्च परवडत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच वापरावं असा आदेश काढला. तुमच्या गावात असा परवानाधारक कुणी पाहिला असेल तर मला सांगा. या सगळ्या वादात बियाणं कंपनी बोलली, संघटना बोलली, पर्यावरणवाले बोलले, न्यायालयं बोलली. जिचा रोज जाणार होता तिला कुणी विचारलं नाही.

तिला आम्ही विचारलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातल्या बचतगटात ड्रोन घ्यायचा का, याची चर्चा होती. 'नमो ड्रोन दीदी' योजना तुम्हाला माहीत असेल. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांत १५,००० बचतगटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, बाकीचं कर्ज. गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. गटाला वर्षाला लाखभर रुपये जास्तीचे मिळतील असं सरकारचं म्हणणं. त्या गटात निम्म्या बाया दोन-चार एकरवाल्या आणि निम्म्या भूमिहीन मजूर. एकाच सतरंजीवर बसलेल्या.

एक शेतकरी बाई म्हणाली, नवरा जाऊन चार वर्षं झाली, तीन एकर एकटी पाहते. पावसाने आठ दिवस उसंत दिली नाही की तण पिकाच्या डोक्यावर जातं. तेव्हा सगळ्यांनाच बाया हव्या असतात, आणि बाया ज्याच्याकडे गुत्ता मोठा त्याच्याकडे जातात. माझ्याकडे सगळ्यात शेवटी. ड्रोन आला तर माझं वावर वेळेवर साफ होईल.

तिच्या शेजारी बसलेली मजूर बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तण हाये म्हून रोज हाये, ताई. दिवाळीले पोराले कपडे घेतो ते निंदणाच्या पैशाचे. तुमी तण मारान, मंग आमी कुठं जाव?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. मैत्रिणींनो, खरी अडचण इथे आहे. कंपनी आणि आपण असा सरळ सामना असता तर घोषणा देऊन मोकळ्या झालो असतो. ही ओढाताण आपल्या आपल्यात आहे. एकीच्या खर्चाच्या रकान्यात जे लिहिलं जातं तेच दुसरीच्या घरातलं मीठ-मिरची असतं. दोघींचंही म्हणणं खरं आहे आणि दोघींपैकी एकीलाही शेतीमालाचा भाव ठरवता येत नाही. निंदण परवडत नाही याचं कारण बाईचा रोज फार आहे हे नव्हे. सोयाबीनचा भाव पडतो, म्हणून परवडत नाही. पण भाव पडला की काटछाट सुरू होते ती सगळ्यात खालच्या माणसापासून, आणि ते माणूस बहुधा बाई असतं.

त्या बैठकीत निर्णय झाला नाही. त्यानंतर तीन बैठका झाल्या. ड्रोन घेतला तर भूमिहीन बायांचाही नफ्यात वाटा ठेवायचा, इथपर्यंत बोलणं आलं आहे, आणि तो वाटा किती यावर अडलं आहे. मला ते अडणं चांगलं वाटतं. इतर ठिकाणी ते अडलंच नाही. ड्रोन आला, दीदीचा फोटो छापून आला, आणि दीदीच्या नावावरचा ड्रोन दीर किंवा मुलगा घेऊन फिरतो. ड्रोनबरोबर बॅटऱ्या, जनरेटर, पाण्याची टाकी न्यायला गाडी लागते, गाडी चालवतो तो. गिऱ्हाईक पाहतो तो, पैसे घेतो तो. सगळीकडे असंच आहे असं मी म्हणत नाही. काही मुली झकास उडवतात आणि गावातली पोरं तोंडात बोट घालून बघतात. एका मुलीने मला सांगितलं, की पहिल्यांदा उडवला त्या दिवशी सासऱ्यांनी तिला नावाने हाक मारली. त्याआधी 'अमक्याची बायको' होती. ही गोष्ट मी लहान मानत नाही.

आता यंत्राच्या डोळ्याकडे येऊ. संगणक तण ओळखतो म्हणजे काय करतो? त्याला हजारो छायाचित्रं दाखवतात. प्रत्येकात माणसाने आधी खुणा करून ठेवलेल्या असतात, की हे पान सोयाबीनचं, हे गाजर गवताचं, ही नुसती माती. ते पाहून पाहून तो आकार, रंग, कडा यांवरून अंदाज बांधायला शिकतो. मग ड्रोन वावरावरून उडतो, शेकडो छायाचित्रं काढतो, ती जोडून वावराचा नकाशा बनतो आणि त्यावर तणाचे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरच फवारायचं. अमेरिकेत जॉन डिअर कंपनी मोठ्या फवारणी यंत्राला असे कॅमेरे बसवून विकते आणि निम्म्याहून जास्त तणनाशक वाचतं असा कंपनीचा दावा आहे. तो दावा खरा धरला, तर सगळं वावर विषाने भिजवण्यापेक्षा हे बरंच.

पण त्या शिकवणीत एक गोष्ट ठरलेली असते. खुणा करणाऱ्याने 'तण' म्हणून जे दाखवलं ते तण. पीक सोडून उरलेलं सगळं तण. इथे मला थांबायचं आहे.

निंदण करून बाई संध्याकाळी घरी जाते तेव्हा तिच्या ओच्यात काय असतं? कुंजराची पानं, घोळ, चिवळ, पाथरी, केन्याची कोवळी पानं भज्यांसाठी. पहिल्या पावसाचा तरोटा. डोक्यावर बकरीसाठी गवताचा भारा. कास्तकाराच्या लेखी हे सगळं तण आहे आणि ते काढण्याचाच तो रोज देतो. बाईच्या लेखी ती रात्रीची भाजी आहे आणि शेळीचं दूध आहे. मजुरीच्या हिशेबात हे कुठेच लिहिलेलं नसतं. श्रावण-भादव्यात, घरातले दाणे संपत आलेले असतात तेव्हा, गरीब घरात हिरवं काही पोटात जातं ते यातूनच. तेलंगणात झहिराबादकडे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांच्या संघमांनी अशा न पेरता उगवणाऱ्या भाज्यांचं ज्ञान जगापुढे मांडलं. तोपर्यंत शेतीशास्त्राच्या पुस्तकात त्या भाज्यांना एकच नाव होतं. तण!

तुम्ही विचाराल, यंत्राला तरोटा ओळखायला शिकवता येणार नाही का? येईल. कुंजरही शिकवता येईल. पण शिकवायचं असं कुणी ठरवलं तर. ज्याने कधी तरोट्याची भाजी खाल्ली नाही, त्याला ते सुचणार कसं? म्हणून मी म्हणते, एआय हा फक्त इंजिनियरांचा विषय नाही. त्या छायाचित्रांवर खुणा करायला बसेल त्याच्या शेजारी निंदणाची बाई बसली पाहिजे, आणि फुकट नव्हे. गावातल्या बाया बारा-पंधरा प्रकारचं तण दोन पानांवर असताना ओळखतात. या ज्ञानाचा रोज निघाला पाहिजे.

आता ज्या तणाबद्दल आपल्यात मतभेद नाही, ते घेऊ. गाजर गवत. काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा. हे आपलं नव्हे. मूळचं मेक्सिकोच्या आखाताकडचं. आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात ते लोकांच्या नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. अमेरिकेहून मदत म्हणून आलेल्या गव्हात त्याचं बी होतं असं लोक सांगतात, त्यावरूनच काँग्रेसचं नाव त्याला चिकटलं असंही सांगतात. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया येतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येतं. गुरं ते खात नाहीत आणि खाल्लंच तर दूध कडू होतं. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने अंगाला खाज, पुरळ, कातडी जाड होणं, काहींना दम्यासारखा त्रास होतो. मान, पापण्या, कोपराचा सांधा, ही जागा ठरलेली. आमच्याकडे आलेली एक बाई कित्येक वर्षं गजकर्णाचं मलम लावत होती. हे वावरातल्या झाडामुळे होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी काम सोडून ती कुठे जाणार होती?

या गवताच्या बाबतीत ड्रोनचा खरा उपयोग होऊ शकतो, असं माझं मत आहे. विष फवारण्यासाठी नव्हे, शोधण्यासाठी. हे गवत वावरापेक्षा जास्त वाढतं ते रस्त्याकडेला, गावठाणात, पडीक जमिनीवर, शाळेमागे, म्हणजे जिथलं निंदण कुणाचंच नसतं. तिथून बी दरवर्षी वावरात येतं. वरून छायाचित्रं काढून गावाचा नकाशा केला तर कुठे किती आहे ते कळेल. मात्र वरून चटकन दिसतात ती पांढरी फुलं, आणि फुलं आल्यावर काढायला गेलं की उशीर झालेला असतो. फुलाआधीचं रोप जमिनीलगत पसरलेलं, गाजराच्या पानांसारखं असतं. ते दुसऱ्या गवतात मिसळलं की कॅमेऱ्याला कठीण जातं. बाईला जात नाही. तेव्हा यंत्राने ठिकाण दाखवावं, बायांनी फुलाआधी मुळासकट उपटावं, आणि हे रोजगार हमीचं काम म्हणून गावाने मागावं. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. स्त्री-पुरुषांना सारख्या दराने मजुरी, हे आपल्या बायांनी आधी पाहिलं ते त्या कामावर. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडकं हे कामाबरोबर मिळालंच पाहिजे. उघड्या हाताने गाजर गवत उपटायला लावणं म्हणजे एक रोज देऊन दहा वर्षांची खाज देणं.

आणि गंमत ऐका. या गवताचा नैसर्गिक वैरी कोण? १९८४ साली बंगळूरला मेक्सिकोतून आणलेला एक भुंगा सोडला, तो पावसाळ्यात याची पानं खातो. तो आता आपल्याकडेही दिसतो. दुसरा वैरी आपला तरोटा. मोकळ्या जागेत तरोटा दाट वाढला की तो गाजर गवताला उठू देत नाही. कृषी खातंच तरोट्याचं बी पसरा असं सांगतं. म्हणजे ज्याला कॅमेरा तण म्हणेल तेच झाड खऱ्या तणाला हटवतं, वर बाईच्या घरी भाजी पुरवतं. 'पीक सोडून सगळं तण' असं शिकवलेलं यंत्र आधी कुणाला मारेल, याचा विचार करा.

विषाबद्दल थोडं. आपण त्याला 'औषध' म्हणतो. तो शब्द कंपनीला फार सोयीचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती. पण गावाने विषाचा फवारा म्हणजे काय ते तेव्हा पाहिलं. ड्रोनने फवारणाऱ्याच्या पाठीवरचा पंप उतरतो, तो फवाऱ्यात चालत नाही, हा मोठा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला आठ-दहा लिटर. विष तेवढंच, पाणी फार कमी. म्हणजे टाकीत जे असतं ते कितीतरी पटीने जहाल. ते कालवणार कोण? पाणी कोण आणणार, डबे कोण धुणार? मी पाहिलं तिथे दीदी आणि तिची जाऊ, दोघीही उघड्या हातांनी. आणि वारा असला तर? 'टू-फोर-डी' नावाचं तणनाशक शेजारच्या पऱ्हाटीवर उडालं की तिची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरत जातात आणि पीक हातचं जातं. आपल्या भागात यावरून धुऱ्यावर भांडणं झाली आहेत. शेजारचं वावर एकट्या बाईचं असेल तर ती भांडायलाही जात नाही.

कायद्यात यासाठी काही तरतूद आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीबद्दल सांगितलं आहे, की किमान २४ तास आधी लोकांना सूचना द्यावी आणि कामाशी संबंध नसलेली माणसं, जनावरं यांना त्या जागेत येऊ देऊ नये. तणनाशकंही याच कायद्याखाली येतात. ग्रामसभेत हा नियम वाचून दाखवा. दवंडी द्या, व्हॉट्सॲपवर टाका, काहीही करा, पण फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरून त्या दिवशी कुणी भाजी खुडू नये आणि बकरी सोडू नये, हे बायांना आदल्या दिवशी कळलं पाहिजे. मोबाइल बहुतेक घरांत नवऱ्याच्या खिशात असतो, तेव्हा दवंडीच बरी.

एक शेवटचा मुद्दा. काहीजण म्हणतात, निंदणाची बाई पाच-दहा वर्षांत इतिहासजमा होईल. मला तसं वाटत नाही. हरियाणा-पंजाबच्या गव्हात गुल्लीडंडा नावाचं तण आहे, ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासं झालं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २००५ च्या सुमारास आपल्या माठाच्या जातीतलं एक तण ग्लायफोसेटनेही मरेनासं झालं, आणि तिथल्या कापसाच्या मोठमोठ्या शेतांत हाताने निंदण करायला पुन्हा मजुरांच्या टोळ्या लावाव्या लागल्या. एकच विष वर्षानुवर्षं मारलं की त्यातून वाचलेलं तणच बी धरतं. कॅमेरा कितीही हुशार असला तरी त्याच्या टाकीत तेच विष असेल तर हे टळणार नाही. तेव्हा विळा परत लागणार आहे. तो लागेल तेव्हा तो धरणारी बाई काय रोज मागणार आणि किती तास बसणार, याची बोलणी तिची बाजू पडती असताना नव्हे, आताच झाली पाहिजेत. बसून करायच्या कामाला उभं राहून करण्याचं अवजार हवं. सायकल कोळपं बाईच्या उंचीचं बनवता येतं, त्याला आठ लाख लागत नाहीत. ड्रोनच्या योजनेपुढे त्याची आठवण कुणाला होत नाही, कारण त्याच्यासोबत फोटो चांगला येत नाही.

जेवणानंतर गट बसतील. मागच्या भिंतीला दोन मोठे कागद लावले आहेत. पहिल्यावर आपापल्या गावात निंदणात निघणाऱ्या सगळ्या वनस्पतींची नावं, गावात म्हणतात तीच, आणि पुढे खूण करायची: खायची, गुरांची, औषधाची, की निव्वळ तण. लिहिता येत नसेल तर शेजारणीला सांगा. दुसऱ्या कागदावर गेल्या हंगामात निंदणाचे किती दिवस मिळाले, रोज किती, आणि पाच वर्षांपूर्वी किती दिवस मिळत होते ते. कृषी विभागाचे अधिकारी चार वाजता येणार आहेत. त्यांच्या हातात आपण हे दोन्ही कागद देणार आहोत, आणि ड्रोनच्या प्रशिक्षणात भूमिहीन बाईचा अर्ज का घेत नाहीत, हे त्यांना विचारणार आहोत. ते विचारायला कोण उभी राहील, ते जेवताना ठरवा.